संहितेवर ठिय्या

आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींची मी अजून माफी मागितलेली नाही, आणि मागणारही नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई, ऑफिसातून थेट तालमीला आलेली, शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर जमिनीवर पसरलेल्या कागदांवर फतकल मारून बसली आणि उठेना म्हणजे उठेना, असं त्यांनी याआधी कधी पाहिलं नसावं. आजही इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या शॉपिंग सेंटरमध्ये भेटले की ते माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. गुडघे उत्तम आहेत.

असं बसायला मला एका सोव्हिएत नटीनं शिकवलं. पण त्याआधी माझ्या आवाजाचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं.

एका विमा कंपनीत मी एकोणीस वर्षं फोनवर काम केलं. गाडी ठोकलेली माणसं फोन करायची, बहुतेक कुठल्या ना कुठल्या राउंडअबाउटवरूनच. माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, ‘तुम्हाला कुठे लागलं नाही ना?’ हे वाक्य मी असं म्हणायचे, की समोरचा माणूस रडायचा थांबायचा आणि गाडीचा नंबर सांगायला लागायचा. सांगलीच्या कॉलेजात एकांकिका करत होते तेव्हा परीक्षक माझ्या आवाजाबद्दल बोलायचे, नाटकाबद्दल नाही. त्याचा मला राग यायचा. आता वाटतं, कुठला राग आणि कुठलं काय.

तीन वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाजाच्या नसेला धक्का बसू शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. कुणाची चूक नव्हती. शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागितलं, तेव्हा खरवडल्यासारखा, जाडा, अर्ध्यातच हवा निघून जाणारा कुणाचा तरी आवाज आला. सांगलीला आईला फोन केला. ती म्हणाली, “कोण बोलतंय? जरा हिला फोन द्या.” मी म्हटलं, “आई, मीच.” ती पुन्हा म्हणाली, “हो, पण हिला द्या.” त्या दिवशी मी खूप रडले. रडण्याचा आवाजही नवीन होता.

ऑफिसनं मला फोनवरून काढून ई-मेलवर बसवलं. टीम लीडर फार गोड मुलगी. म्हणाली, गिऱ्हाइकांना जरा ‘डिस्ट्रेसिंग’ वाटतंय. ज्यांच्या गाडीचा चुराडा झाला त्यांना माझा आवाज त्रासदायक वाटतो! तेव्हा मी कुठेच काही बोलत नसे. दुकानात बोटानं दाखवून वस्तू घ्यायचे.

ई-मेलच्या कामात शुक्रवार मोकळा मिळाला. घरात बसून भिंतीकडे काय बघायचं, म्हणून म्हाताऱ्या माणसांना हॉस्पिटलात नेण्या-आणण्याच्या कामासाठी मी नाव दिलं. गाडी माझी, वेळ माझा, आणि फारसं बोलावंही लागत नाही. दुसऱ्याच शुक्रवारी डोळ्यांच्या क्लिनिकला न्यायला मला एक अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाई मिळाल्या. ताठ मान, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. डोळ्यांच्या मधोमध डाग पडल्यामुळे समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. त्यामुळे त्या तुमच्याशी बोलताना तुमच्या कानापलीकडे बघतात. तिसऱ्या राउंडअबाउटवर त्या त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाल्या, “तुझा आवाज अलीकडेच गेलाय.”

मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं?

“प्रत्येक वाक्य तू वरून सुरू करतेस आणि जिन्यावरून पडतेस. घशाला अजून जुनी पायरी आठवते.” मग म्हणाल्या, “आहे त्या पायरीवरून सुरू कर. हा आवाज वाईट नाही. म्हाताऱ्या आणि दुष्ट बायकांसाठी फारच चांगला.”

ऑपरेशननंतर माझ्या आवाजाबद्दल खरं बोललेलं हे पहिलं माणूस. बाकी सगळे ‘आता पुष्कळ बरा वाटतोय हं’ म्हणायचे.

परत येताना चौकशी केली. मी विचारलं, तुम्ही रशियन का? त्या म्हणाल्या, “पुन्हा रशियन म्हणालीस तर उतरून चालत जाईन.” त्या जॉर्जियन. चाळीसएक वर्षं तिबिलिसीच्या रंगभूमीवर होत्या, आणि सोव्हिएत सिनेमात अकरा भूमिका. देश मोडल्यावर थिएटरात वीज नसायची, पगार नसायचा. मुलगी इंग्लंडात नोकरीला होती, तिनं बोलावून घेतलं. सरकारनं दिलेलं मानाचं पदक इथे बिस्किटांच्या डब्यात, सुईदोऱ्याशेजारी असतं. मी विचारलं, तुम्हाला काय म्हणू? त्यांच्याकडे मोठ्या बायकांना ‘काल्बातोनो’ म्हणतात. ते माझ्या घशातून निघेना. मी म्हटलं, आमच्याकडे नाटकातल्या मोठ्या नटीला ‘बाई’ म्हणतात. शाळेत शिकवणारीलाही बाईच म्हणतात, आणि भांडी घासणारीलाही. त्यांना हे फार आवडलं. म्हणाल्या, “तिन्ही कामं केलीत मी.” तेव्हापासून त्या बाई.

त्याच सुमारास मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचं नाटक ठरलं. आमच्यातल्याच एका फार्मसिस्टनं लिहिलेलं. मुलाकडे इंग्लंडला आलेली विधवा आई साठाव्या वर्षी गाडी शिकायला निघते, मुलगा नाही म्हणतो, एवढीच गोष्ट. मुलाचं काम लेखकच करणार होता. आईच्या वयाची नाटक केलेली दुसरी कुणी मिळेना, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी नाहीच म्हणणार होते. पण शुक्रवारी बाईंना सहज सांगितलं आणि त्यांनी विचारलं, “संहिता कुठे आहे?”

बाईंच्या पद्धतीत आधी टेबल. त्यांच्या थिएटरात दोन-दोन महिने सगळे नट टेबलाभोवती बसून फक्त वाचायचे आणि भांडायचे. उभं राहायची परवानगी नसे. आम्ही त्यांच्या फ्लॅटमधल्या छोट्या जेवणाच्या टेबलाशी बसायचो. मी मराठी वाक्य म्हणायचे, मग त्याचं इंग्रजी सांगायचे. मराठीतला एक शब्दही त्यांना येत नव्हता, तरी मी खोटं म्हटलं की त्यांचा हात वर व्हायचा. नाटकातलं मोठं भाषण शेवटी होतं. त्यात आई मुलाला म्हणते, ‘पंचवीस वर्षं तुझ्या बाबांच्या शेजारी बसले, दहा वर्षं तुझ्या मागच्या सीटवर. आता चावी दे.’

“त्या दिवशी सकाळी तिनं काय खाल्लंय?” बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, ते नाटकात नाही.

“मग घरी जा आणि शोधून काढ.”

पुढच्या शुक्रवारी मी सांगितलं, तिनं काहीच खाल्लेलं नाही, कारण सुनेच्या स्वयंपाकघरात तिला डबे सापडत नाहीत आणि विचारायची लाज वाटते. बाई म्हणाल्या, “आता वाच.” मी वाचलं, आणि हात वर झाला नाही.

त्याच दिवशी उठताना माझ्या मांडीवरची पानं घसरून खाली पडली. मी वाकले, तेवढ्यात बाई ओरडल्या, “हात लावू नकोस! बस!” मला वाटलं, साप वगैरे दिसला. “त्यांच्यावर बस!” मी बसले. त्या म्हणाल्या, आमच्याकडे संहिता हातातून पडली तर जिथे असशील तिथे आधी तिच्यावर बसायचं, मग उचलायची. चिखल असो, बर्फ असो. नाहीतर भूमिका तुला सोडून दुसरीकडे जाते. तिबिलिसीच्या बाजारात त्या एकदा टरबुजांच्या सालींत बसल्या होत्या म्हणे, अंगात नवा कोट असताना. मी हसले. त्या हसल्या नाहीत. “ती भूमिका मी सतरा वर्षं केली,” म्हणाल्या.

आता आमच्या मंडळाची पद्धत सांगते, कारण बाहेरच्याला ती खरी वाटणार नाही. आमची नाटकं आधी रेकॉर्ड होतात. भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, माइक कमी पडतात, आणि एका वर्षी संवाद विसरून दोन जण रंगमंचावर एकमेकांना नमस्कार करत उभे राहिले होते. तेव्हापासून सगळे कलाकार एका रविवारी साउंडवाल्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये जमतात, संवाद वाचून रेकॉर्ड करतात, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तो ट्रॅक लावून आम्ही नुसती तोंडं हलवतो. बॅकग्राउंड म्युझिक वगैरे असतं. लोकांना सवय झालीय. मागच्या रांगेतलेसुद्धा म्हणतात, किती क्लिअर ऐकू आलं!

रेकॉर्डिंग झालं, आणि तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला.

“काकू, ॲक्टिंग तुमचीच, एकदम टॉप. फक्त व्हॉइसचं थोडं... म्हणजे ऐकताना लोक वरी करतील. आई आजारी आहे की काय, असं वाटतंय. सो आम्ही डिसाइड केलं की तुमचे डायलॉग्ज दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. रेडिओवर काम केलेल्या आहेत त्या. तुम्ही फक्त लिप मूव्हमेंट द्यायची. ऑनेस्टली, कुणाला कळणारसुद्धा नाही. इट्स नथिंग पर्सनल.”

मी म्हटलं, “हो, चालेल.”

आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. पण मी खरंच चालेल म्हटलं. वर थँक यूसुद्धा म्हटलं. नवरा म्हणाला, “बरंच झालं, घशाला आराम. उगाच वाद नको.” ज्या बाईंचा आवाज घेतला त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सगळे इतके चांगले वागत होते की चिडायला जागाच नव्हती. मला तर वाटलं, मंडळानं माझी सोयच केली.

शुक्रवारी गाडीत बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, गाडी थांबव. मधे थांबता येत नाही म्हटलं, तर दरवाजाच्या हँडलला हात घातला. मी रस्त्याकडेला गाड्या थांबवायच्या पुढच्या ले-बायमध्ये गाडी घेतली. त्या समोरच्या काचेकडे तोंड करून बोलायला लागल्या, आणि त्या दिवशी क्लिनिकची वेळ चुकली.

“सव्विसाव्या वर्षी मला मॉस्कोहून बोलावणं आलं,” त्या म्हणाल्या. “युद्धावरचा सिनेमा. मी रेल्वे फाटकावरची बाई. सैनिकांची गाडी थांबते आणि मी त्यांना किटलीतून गरम पाणी देते. खरे रूळ, खरी थंडी. सगळे संवाद मी म्हटले, रशियनमध्ये, रात्रंदिवस पाठ करून. सिनेमा तिबिलिसीला आला तेव्हा आईला पुढच्या रांगेत बसवलं. पडद्यावर मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडातून दुसरीच बाई बोलली.”

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या रशियन बोलण्याला जॉर्जियाची चाल होती. दिग्दर्शकाचं म्हणणं पडलं की सोव्हिएत आईचा आवाज असा नसतो, म्हणून मॉस्कोतल्या एका नटीकडून सगळे संवाद पुन्हा म्हणून घेतले. आईनं अंधारात विचारलं, तुला तेव्हा सर्दी झाली होती का गं? सिनेमा गाजला. खलाशांची, मास्तरांची पत्रं यायला लागली, तुमच्या आवाजानं आम्हाला रडवलं. बाईंनी एकूण एक पत्राला उत्तर लिहिलं, चेहरा माझा आहे, रडण्याबद्दल मॉस्कोतल्या बाईंना कळवावं. ते वरपर्यंत गेलं. थिएटरच्या संचालकांनी बोलावून सांगितलं, पत्रं बंद कर. बाईंनी बंद केली नाहीत. मग दोन वर्षं मॉस्कोहून बोलावणं आलं नाही.

“त्या दोन वर्षांत पोटासाठी काय केलं माहितेय? डबिंग. तुमचे हिंदी सिनेमे यायचे, ते जॉर्जियनमध्ये करायचो. मोठमोठ्या डोळ्यांच्या तुमच्या नट्या रडायच्या, शाप द्यायच्या, मंदिरात कोसळायच्या, आणि बोलायचे मी.” त्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या, म्हणजे माझ्या कानापलीकडे. “पुढे सिनेमे मिळाले. अकराच्या अकरा सिनेमांत मला दुसऱ्यांचा आवाज आहे. नाटकं कुणी रेकॉर्ड केली नाहीत. रेडिओवर एक केलं, ती टेप पुसून तिच्यावर फुटबॉल घेतला. माझा आवाज आज या जगात कुठे असला, तर तो तुमच्या नट्यांच्या तोंडात आहे. त्या मॉस्कोच्या बाईनं माझ्या तोंडात जे केलं, तेच मी तुमच्या बायकांच्या तोंडात केलं.”

ती मॉस्कोची बाई त्यांना एकदा स्टुडिओच्या जिन्यात भेटली होती. फार चांगली होती, चॉकलेटांचा डबा घेऊन आली. बाईंनी सगळी चॉकलेटं खाल्ली आणि तिला क्षमा केली नाही.

“मला कुणी विचारलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तुला विचारलं, आणि तू हो म्हणालीस.”

मला तो शब्द फार लागला. मी गाडी सुरू केली आणि त्यांना थेट घरी सोडलं. चीड आली होती, आणि ती सेक्रेटरींवर नव्हती. पण माणूस सापडतो त्याच्यावर काढतं.

सोमवारी संध्याकाळी तालीम होती. मी सेक्रेटरींना म्हटलं, “मी विचार बदललाय. माझे संवाद मीच बोलणार.” ते हसले, म्हणाले, “काकू, ट्रॅक फायनल झालाय. प्लीज.” आणि समजूत काढायला माझ्या हातातली संहिता हळूच काढून घ्यायला गेले. मी सोडेना. ओढाताणीत क्लिप सुटली आणि पानं सगळीकडे उडाली. सगळे गोळा करायला वाकले.

“हात लावू नका!” मी ओरडले, आणि खाली बसले.

खरं सांगते, पहिला क्षणभर ते निव्वळ बाईंच्या धाकानं झालं. पण बसल्यावर लक्षात आलं की जागा चांगली आहे. वरून सगळे माझ्याकडे बघत होते. मी मांडी घातली. सांगलीकडे कलेक्टर कचेरीसमोर माणसं बसतात, तशी बसले.

“काकू, काय हे? उठा.”

“नाही उठत.”

“काय प्रॉब्लेम आहे?”

“माझं तोंड भाड्यानं द्यायचं नाही, हा प्रॉब्लेम आहे,” मी म्हटलं. आवाज फाटला, मधेच हवा गेली, पुन्हा श्वास घेऊन बोलले. “आवाज आजारी वाटतो? वाटू दे. साठ वर्षांच्या बाईला आजारपण असतं. तिला गाडी शिकायचीय, गाण्याच्या स्पर्धेला नाही जायचं. काढायचं तर मला आख्खी काढा. ट्रॅकमधला आवाज ठेवून बाई बदला, नाहीतर बाई ठेवून तिचाच आवाज राहू द्या.”

सेक्रेटरी म्हणाले, हे जरा ड्रॅमॅटिक होतंय. मी म्हटलं, नाटकाची तालीम आहे ना?

वीस मिनिटं मी बसून होते. हॉलची वेळ संपत आली, केअरटेकर किल्ल्या घेऊन दारात उभा राहिला. तेव्हा साउंडवाले गृहस्थ पुढे आले. पन्नाशीचे, अबोल, हाउन्सलोहून इकडे राहायला आलेले. त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. म्हणाले, “मी आईचे डायलॉग ट्रॅकमधून काढतो. तेवढ्या जागा रिकाम्या ठेवतो. बाकीच्यांना पुन्हा बोलवायला नको. यांना कॉलर माइक लावू. पण जागा तेवढीच राहणार हं, ताई. तुम्ही लांबवलंत तर पुढचा डायलॉग तुमच्यावर येऊन आदळेल.”

“आदळू दे,” मी म्हटलं, आणि उठले. गुडघे तेव्हा वाजले, हे खरं.

त्या रेडिओवाल्या बाई झरझर बोलणाऱ्या. शेवटच्या भाषणाची त्यांची जागा एक्केचाळीस सेकंदांची होती. मला अठ्ठावन्न लागायचे, कारण मला दर चार शब्दांनी हवा घ्यावी लागते. मी म्हटलं, दोन वाक्यं कापू या. बाई म्हणाल्या, “लेखकाचं नाही कापायचं. तू श्वास चुकीच्या ठिकाणी घेतेस.” डबिंगमध्ये त्या शेजारच्या नटीच्या मनगटावर बोट ठेवायच्या. पडद्यावर ओठ उघडले की दाबायचं, मिटले की सोडायचं. तिला पडद्याकडे बघावंच लागत नाही. तसं त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं आणि घड्याळाशिवाय, अंदाजानं एक्केचाळीस सेकंद शिकवले. वाक्याच्या शेवटी नव्हे, शब्दाच्या मधे श्वास. ‘चावी’च्या आधी नाही, ‘आता’च्या पोटात. सेहेचाळीसपर्यंत आले. त्याखाली जाईना.

कार्यक्रमाच्या दुपारी बाई माझ्या नवऱ्याशेजारी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मान एका बाजूला कलती. मी टॉय शॉपमधलं स्टिअरिंग व्हील घेऊन विंगेत उभी. पडदा उघडला, ट्रॅक सुरू झाला. मुलाचं वाक्य स्पीकरमधून खणखणीत आलं, आणि मग माझ्या वाट्याची शांतता आली. एवढी स्वच्छ शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. मी तिच्यात बोलले. प्रेक्षकांत चुळबूळ झाली, कुणीतरी म्हणालं, माइक बिघडला वाटतं. मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी पुढचं वाक्य त्याच पायरीवरून म्हटलं.

छोटे संवाद जागेत बसले. मोठं भाषण आलं. मी मध्यावर होते तेव्हाच कळलं, बसत नाही. पंचवीस वर्षं झाली, दहा वर्षं झाली, आणि ‘आता’च्या पोटात श्वास घेतला, तोच मुलाचा आवाज स्पीकरमधून माझ्यावर आदळला, ‘आई, तुला काय वेड लागलंय का?’

मी थांबले नाही. त्या आवाजाच्या वरून, खरवडत, म्हटलं, “आता चावी दे.”

आणि त्या फार्मसिस्टनं तोंड मिटलं. स्पीकरमधून त्याचा आवाज त्याची वाक्यं बोलत राहिला आणि तो ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत उभा राहिला. आख्ख्या हॉलला दिसलं की बोलणारा तो नाही. मग साउंडवाल्यांनी ट्रॅकच बंद केला. फार्मसिस्टनं घसा खाकरला आणि स्वतःच्या बारीक, घाबरलेल्या आवाजात म्हटलं, “आई, तुला काय वेड लागलंय का?” शेवटची दहा मिनिटं आम्ही तशीच केली, तोंडानं. टाळ्या पडल्या, पण मागच्या रांगांनी तक्रारही केली. सेक्रेटरींनी आभाराच्या भाषणात तांत्रिक अडचणींबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

बाई म्हणाल्या, “शेवटचे चार शब्द खरे होते. बाकीचं ठीक.”

वाक्यात तीनच शब्द होते, पण मी दुरुस्त केलं नाही. सोमवारी ऑफिसात ई-मेल लिहिला की मला पुन्हा फोनवर घ्या. त्यांचा विचार चालू आहे. मी दर सोमवारी तोच ई-मेल पाठवते.

मग दोन आठवड्यांनी बाईंनी विचारलं, तो अबोल माणूस त्याचा माइक घेऊन माझ्याकडे येईल का?

ते आले. टेबलावर टॉवेलची घडी ठेवली, तिच्यावर माइक. फाटकावरच्या बाईचा तो सिनेमा इंटरनेटवर सापडला होता. मी लॅपटॉप उघडला आणि आवाज पूर्ण बंद केला. बाईंना पडदा दिसत नाही, म्हणून त्यांनी मनगट माझ्यापुढे केलं. मी बोट ठेवलं. पडद्यावर धूर, रूळ, मग सव्वीस वर्षांची मुलगी किटली घेऊन डब्याच्या खिडकीशी आली. मी तिच्या ओठांकडे टक लावून बघत होते. ओठ उघडले, मी बोट दाबलं.

बाई बोलल्या. जाड, कापरा, डोंगरी चालीचा आवाज. एकही शब्द विसरल्या नव्हत्या. त्या वाक्याचा अर्थ मला नंतर कळला, पाणी गरम आहे, हळू प्या. साउंडवाल्यांनी हेडफोन हातानं कानाशी घट्ट धरला होता.

“जुळलं?” बाईंनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं, पण त्यांनी लगेच हात वर केला असता. “नाही, बाई. अर्धा सेकंद उशीर झाला.”

“साठ वर्षं उशीर झालाय,” त्या म्हणाल्या, आणि मनगट पुन्हा माझ्या बोटाखाली ठेवलं. “पहिल्यापासून लाव.”